‘सर, तुमच्या लॅबमध्ये काम करायचं आहे’

‘आदरणीय सर, मला लहानपणापासून कॉम्प्युटरची अतिशय आवड आहे. तुमचं संशोधन मला फार प्रेरणादायी वाटलं. तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी द्यावी, ही नम्र विनंती. सोबत बायोडेटा जोडला आहे.’

हा मेल वाईट नाही. नम्र आहे, शुद्ध आहे, खोटंही त्यात काही नसेल. अडचण एवढीच, की ‘सर’च्या जागी ‘मॅडम’ घातलं की तो जगातल्या कुठल्याही प्रोफेसरला चालतो. आणि तो तसाच चाळीस जणांना गेलेला असतो, हे वाचणाऱ्याला कळतं. कधी नाव वेगळ्याच फॉन्टमध्ये चिकटवलेलं असतं. कधी आयुष्यभर डेटाबेसवर काम केलेल्या माणसाला ‘तुमचं रोबोटिक्समधलं योगदान’ आवडल्याचं कळवलेलं असतं. मेल डिलीट होतो, उत्तर येत नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटतं आपले मार्क कमी पडले.

बहुतेक वेळा मार्कांचा प्रश्न नसतोच. समोरच्या माणसाचं गणित काय आहे, ते माहीत नसतं.

प्रोफेसरचं गणित

कॉम्प्युटर सायन्समधला रिसर्च ग्रुप म्हणजे एक प्रोफेसर, एखाद-दुसरा पोस्टडॉक (पीएचडीनंतर काही काळ संशोधन करणारा), तीन-चार ते दहा-बारा पीएचडीचे विद्यार्थी आणि त्यांच्या आगेमागे मास्टर्स, बॅचलर्सची मुलं. कारखान्यासारखं इथे काम वाटून दिलेलं नसतं. प्रत्येक पीएचडीवाला एक-दोन प्रश्न उराशी धरून बसलेला असतो. प्रोफेसर आठवड्यातून एकदा त्याच्याशी तासभर बोलतात, वाट चुकत असेल तर सांगतात, पैशाची सोय बघतात, पेपर लिहायची वेळ आली की शेजारी बसतात. उरलेल्या वेळात लेक्चर, उत्तरपत्रिका, कमिट्या, दुसऱ्यांच्या पेपरचे रिव्ह्यू आणि अनुदानाचे प्रस्ताव.

आता यात नवा विद्यार्थी आला. पहिले तीन-चार महिने तो ग्रुपला काही देत नाही, फक्त घेतो. सर्व्हरवर लॉगिन कसं करायचं, कोड कुठे आहे, हा डेटासेट असा का आहे, हा शब्द म्हणजे काय, हे सगळं कुणीतरी त्याला सांगावं लागतं. तो टिकला तर पुढे याची भरपाई होते. पण बरेच जण टिकत नाहीत. परीक्षा येते, दुसरीकडे इंटर्नशिप मिळते, उत्साह ओसरतो.

म्हणून ‘मी बिनपगारी काम करायला तयार आहे’ या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा पगार ही मोठी रक्कम असते हे खरं, पण शिकत असलेल्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे त्याच्यावर जाणारे दुसऱ्यांचे तास. ते तुम्ही फुकट करून देऊ शकत नाही.

मेल वाचताना त्या माणसाच्या मनात दोनच प्रश्न असतात. हा मुलगा किंवा ही मुलगी चार महिन्यांनी इथे असेल का? आणि अडकल्यावर स्वतःहून थोडी झटापट करेल, की दर तासाला दार वाजवेल? मार्कशीटमधून या दोन्हींचं उत्तर नीट मिळत नाही. फार कमी मार्क असतील तर अडथळा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका मर्यादेनंतर ८.९ आणि ९.४ यातला फरक कुणी बघत बसत नाही. बघतात ते तुम्ही आधी काय करून पाहिलंय ते.

कुणाकडे जायचं?

सुरुवात नावाने करू नका, प्रश्नाने करा. ‘मला एआयमध्ये काम करायचंय’ हा प्रश्न नाही, तो नुसता पत्ता झाला, आणि तोही शहरापुरता. त्यात घर शोधायला पेपर वाचावे लागतात. साधनं फुकट आहेत. ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेल्या डीबीएलपी या यादीत कॉम्प्युटर सायन्समधल्या माणसाचं नाव टाकलं, की त्याचे पेपर वर्षवार समोर येतात. पेपर स्वतः बहुतेकदा आर्काइव्ह (arXiv) या साइटवर सापडतो. १९९१ पासून चालू असलेलं हे कोठार सगळ्यांना खुलं आहे.

यादी बघताना फक्त गेल्या दोन-तीन वर्षांचं बघा. ज्या पेपरमुळे प्रोफेसर प्रसिद्ध झाले तो पंधरा वर्षांपूर्वीचा असतो, आणि त्या विषयाचा त्यांना आता कंटाळाही आलेला असू शकतो.

नावांचा क्रमही वाचायला शिका, त्यातून बरंच कळतं. बहुतेक शाखांत पहिलं नाव काम केलेल्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं प्रोफेसरचं असतं. २०१२ साली चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकणाऱ्या आणि डीप लर्निंगची लाट आणणाऱ्या पेपरवर नावं अशी आहेत: क्रिझेव्स्की, सुत्स्केव्हर, हिंटन. पहिले दोघे विद्यार्थी, शेवटचे त्यांचे प्रोफेसर. पण थिअरीवाल्यांचा, म्हणजे कॉम्प्युटरमागचं गणित करणाऱ्यांचा, रिवाज वेगळा. तिथे नावं वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे पहिलं-शेवटचं यातून काहीच निघत नाही. एखादी संख्या मूळ संख्या आहे का हे झटपट आणि खात्रीने सांगणारी पद्धत २००२ साली आयआयटी कानपूरमध्ये सापडली. तिचं नाव ‘एकेएस’. अग्रवाल, कयाल, सक्सेना या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं, वर्णानुक्रमाने. यातले मणीन्द्र अग्रवाल प्रोफेसर होते, तर नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केलं होतं. त्यांचं बी.टेक.चं प्रोजेक्ट याच प्रश्नाच्या आसपासचं होतं. पुढे या कामाला २००६ चं गोडेल पारितोषिक मिळालं.

हे उदाहरण ‘बघा, तुम्हीही करू शकता’ असं म्हणायला दिलेलं नाही. दरवर्षी असं होत नसतं. सांगायचंय ते हे, की थिअरीच्या ग्रुपला कोड किती लिहिलाय यात रस नसतो. कागद-पेन्सिल घेऊन एकाच प्रश्नावर तुम्ही किती दिवस बसू शकता, हे त्यांना बघायचं असतं. सिस्टिम्सवाल्यांचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसारखी पायाभूत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं, उलट. त्यांना दुसऱ्याने लिहिलेल्या लाखभर ओळींच्या कोडमध्ये शिरून बग शोधणारा माणूस हवा असतो. मशीन लर्निंगवाल्यांना लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की हवी, आणि प्रयोगांची वही नीट ठेवायची सवय हवी. माणूस आणि कॉम्प्युटर यांच्या नात्यावर काम करणाऱ्या ग्रुपमध्ये तर मुलाखती घेणं आणि संख्याशास्त्र यावर निम्मं काम असतं. एकच बायोडेटा चारही ठिकाणी पाठवला तर तो चारही ठिकाणी थोडा थोडा चुकीचा असतो.

पेपर वाचणं, आणि त्याहून पुढे

खरा वेळ इथे घालवा. तीस प्रोफेसरांना मेल करायला जितका वेळ जातो, तितक्यात एका प्रोफेसरचा एक पेपर नीट पचतो.

पहिल्या वाचनात सगळं कळायला हवं असा हट्ट धरू नका, कुणालाच कळत नाही. आधी सारांश, प्रस्तावना, आकृत्या आणि शेवट एवढंच बघा. प्रश्न काय होता, आधीचे लोक कुठे अडकले होते, यांनी काय केलं, हे तीन-चार वाक्यांत स्वतःच्या मराठीत लिहून पाहा. लिहिता येईना तर कळलेलं नाही. मग पुन्हा, या वेळी हातात पेन घेऊन, सगळं. एखादं समीकरण तीन तास खाईल. खाऊ दे.

यानंतर बहुतेक जण थांबतात. तुम्ही थांबू नका. हल्ली अनेक पेपरांबरोबर कोड दिलेला असतो. तो उतरवून घ्या आणि पेपरमधला सगळ्यात लहान तक्ता किंवा एखादी आकृती स्वतः काढून बघा. कोड चालणार नाही. लायब्ररीची आवृत्ती जुनी असेल, डेटासेटची लिंक मेलेली असेल, तुमच्या लॅपटॉपची मेमरी पुरणार नाही. दोन शनिवार-रविवार जातील. शेवटी आकडा येईल तो पेपरमधल्यापेक्षा वेगळा असेल, आणि नेमकं तिथे तुमच्याकडे प्रोफेसरशी बोलण्यासारखं काहीतरी असेल. वेगळा का आला? रँडम सीड (प्रोग्रॅममधले यादृच्छिक आकडे ज्यावरून सुरू होतात ती संख्या) बदलल्यावर तो किती हलतो? पेपरमध्ये न लिहिलेली एखादी पायरी कोडमध्ये आहे का?

दुसरी एक वाट सिस्टिम्सच्या लोकांकडे उघडी असते. तिथल्या ग्रुपचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा ओपन सोर्स असतं. आज कितीतरी कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारी सॉफ्टवेअर) ज्यावर उभे आहेत ते एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर हा विद्यार्थी आणि विक्रम अडवे हे प्रोफेसर यांनी सुरू केलेलं संशोधनच होतं. ज्या ग्रुपमध्ये जायचंय त्यांचं असं काही असेल तर ते वापरा, बग सापडला तर कळवा, जमला तर दुरुस्त करून पाठवा. कागदपत्रांमधली चूक सुधारलीत तरी त्या ग्रुपमधल्या कुणाला तरी तुमचं नाव ओळखीचं होतं.

आणि प्रोफेसर तुमच्याच कॉलेजात असतील तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्यांचा कोर्स घ्या आणि त्यातलं प्रोजेक्ट मनापासून करा. १९५१ साली एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला पर्याय दिला होता: परीक्षा द्या, नाहीतर सगळ्यात आखूड कोड, म्हणजे माहिती कमीत कमी बिट्समध्ये मांडायची खूणपद्धत, कसा बनवायचा यावर निबंध लिहा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला. या प्रश्नाशी खुद्द फॅनो आणि इन्फर्मेशन थिअरीचे जनक क्लॉड शॅनन झगडले होते, हे फॅनोंनी वर्गाला सांगितलं नव्हतं. हफमन कंटाळून सोडून देण्याच्या बेतात असतानाच त्याला उत्तर सुचलं. झिप फाइल आणि जेपेग चित्रं आजही हफमन कोडिंग वापरतात.

एक सावधगिरीची सूचना. पेपरच्या शेवटी ‘पुढे हे करता येईल’ असं लिहिलेलं असतं. ते उचलून ‘माझ्याकडे एक कल्पना आहे’ असं लिहू नका. त्यातलं जे करण्यासारखं आहे ते त्या ग्रुपमधलं कुणीतरी आधीच करतंय. उरलेलं त्यांनी का सोडलं, हे त्यांना ठाऊक आहे.

मेल

एवढं झाल्यावर मेल लिहायला पंधरा मिनिटं लागतात. साधारण असा:

‘मॅडम, मी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा गेल्या वर्षीचा ग्राफ इंडेक्सिंगवरचा पेपर वाचला आणि त्यातला दुसरा तक्ता पुन्हा काढून पाहिला. लहान ग्राफवर आकडे जुळले. मोठ्यावर माझा वेळ जवळपास दुप्पट येतो. कॅशच्या आकाराचा परिणाम असावा असं वाटतं, पण खात्री नाही. कोड आणि टिपण इथे आहे. पुढचे सहा महिने आठवड्याला दहा तास देऊ शकेन. याच विषयावर तुमच्या विद्यार्थ्यांसोबत काही छोटं काम करता येईल का? पंधरा मिनिटं बोलायला मिळालं तरी चालेल.’

यात आवड, प्रेरणा, जिद्द हे शब्दच नाहीत, आणि त्यांची उणीव भासतही नाही. ‘खात्री नाही’ हे दोन शब्द कितीही विशेषणांपेक्षा जास्त विश्वास देतात. मागणी लहान आणि नेमकी आहे, त्यामुळे ‘हो’ म्हणायला सोपी आहे. ‘मला पीएचडीला घ्या’ याला मेलवर ‘हो’ म्हणणं पुष्कळदा प्रोफेसरच्या हातातच नसतं. कित्येक विद्यापीठांत प्रवेश समिती ठरवते, तर काही ठिकाणी पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात. हे त्यांच्या वेबपेजवर लिहिलेलं असतं. तिथेच काही जण ‘विषयाच्या ओळीत अमुक शब्द लिहा’ अशी खूणही ठेवतात, पान वाचलंय की नाही हे पाहायला. पान वाचा.

मेल चॅटबॉटकडून लिहून घ्यावा का? भाषा सुधारायला घ्या, हरकत नाही. पण हल्ली प्रत्येकाचाच मेल गुळगुळीत येतो, त्यामुळे गुळगुळीतपणाला काही किंमत उरलेली नाही. न वाचलेल्या पेपरबद्दल मशीनने छान परिच्छेद लिहून दिला, तर भेटीतल्या पहिल्या प्रश्नालाच तो कोसळतो. तुम्ही लिहिलेलं थोडं खडबडीत इंग्रजी त्यापेक्षा बरं.

वेळ बघून पाठवा. आपल्या विषयात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला मान जास्त, आणि कॉन्फरन्सच्या डेडलाइन दगडावरच्या रेघा असतात. (त्यातही गंमत अशी, की अनेक डेडलाइन ‘पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत’ अशा मोजल्या जातात, म्हणजे शेवटच्या बारा तासांसाठीही लोक भांडतात.) या तारखा जाहीर असतात. त्या आठवड्यात आलेला मेल कितीही चांगला असला तरी तळाशी जातो. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

प्रोफेसर गप्प असतील तर पेपरवर पहिलं नाव असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला लिहा. त्याला मदतीची गरज असते, त्याच्या पेपरचा कोड कुणी चालवून पाहिला याचं त्याला अप्रूप असतं, आणि आत गेल्यावर रोज तुमच्याशी बोलणार तोच असतो.

भेट

जेफ्री हिंटन यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलेली हकिगत आहे. टोरंटोत ते ऑफिसात प्रोग्रॅमिंग करत बसले असताना दारावर घाईची टकटक झाली. एक विद्यार्थी म्हणाला, उन्हाळाभर बटाट्याचे फ्राइज तळले, त्यापेक्षा तुमच्या लॅबमध्ये काम करायला आवडेल. हिंटन म्हणाले, वेळ ठरवून ये, बोलू. तो म्हणाला, आत्ताच बोललं तर? हा इल्या सुत्स्केव्हर, वर सांगितलेल्या २०१२ च्या पेपरवरचं दुसरं नाव. हिंटन यांनी त्याला बॅकप्रोपगेशनवरचा १९८६ चा पेपर वाचायला दिला. न्यूरल नेटवर्कची चूक मागे मागे पोचवत जाऊन त्याला शिकवायचं कसं, हे सांगणारा. आठवड्याने तो परत आला आणि म्हणाला, मला कळलं नाही. हिंटन जरा खट्टू झाले, कारण पेपरात कॅल्क्युलसमधला सरळसाधा चेन रूल होता. तेव्हा तो म्हणाला, ते कळलं हो. कळलं नाही ते हे, की एवढा ग्रेडियंट (चूक कुठल्या दिशेने कमी होईल ते सांगणारा) हातात आल्यावर तुम्ही तो एखाद्या बऱ्यापैकी ऑप्टिमायझरला (सर्वांत कमी चूक शोधणाऱ्या पद्धतीला) का देत नाही? या प्रश्नावर, हिंटन सांगतात, त्यांना स्वतःला पुढे कित्येक वर्षं विचार करावा लागला.

वेळ न ठरवता थेट दार वाजवा, असा यातून अर्थ काढू नका. शंभरातल्या नव्याण्णव प्रोफेसरांना ते आवडणार नाही. बघायचं ते दुसऱ्या भेटीकडे. एक आठवडा, एक पेपर, आणि ‘इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही’ ही नेमकी रेघ. भेटीत तुम्हालाही असंच काहीतरी विचारतील: तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय फसलं, का फसलं, पुन्हा केलं तर काय बदलाल. फसलेलं लपवू नका. ज्याचं काहीच फसलं नाही, त्याने काही अवघड केलेलंच नसतं, असा तिथे समज आहे.

तुम्हीही विचारा. आठवड्याला भेट किती वेळा, कुणाशी? काम चांगलं झालं तर पेपरवर नाव कसं ठरतं? पैसे मिळणार आहेत की क्रेडिट, की दोन्ही नाही? हे विचारल्याने कुणी रागावत असेल तर ती माहितीही उपयोगाची आहे.

आणि जाण्याआधी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेल्या दोघांशी तरी बोला. आत असलेले मोकळं बोलतीलच असं नाही. विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात, मध्येच सोडून किती गेले, पेपरवर विद्यार्थ्यांची नावं पुढे असतात का, प्रोफेसर चिडल्यावर काय होतं. प्रसिद्ध माणसाच्या ग्रुपमध्ये तीन महिने कुणी न बोलता बसण्यापेक्षा, नुकत्याच रुजू झालेल्या आणि दर मंगळवारी तासभर देणाऱ्या प्रोफेसरकडे मी तरी जाईन. नव्या प्रोफेसरला विद्यार्थ्यांची गरज असते, आणि ती गरज तुमच्या कामी येते.

आत गेल्यावर

पहिलं काम कंटाळवाणं असेल. डेटा साफ करणं, दुसऱ्या कुणाची जुनी पद्धत चालवून बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचा आकडा, काढणं. ही परीक्षा नव्हे, खरंच कुणीतरी करायला हवं असतं ते. काय केलं, कुठल्या सेटिंगने, काय आलं, याची रोज चार ओळींची नोंद ठेवा. महिन्याने ‘हा आकडा कुठून आला?’ असं विचारलं जातंच.

अडकलात तर अर्धा दिवस स्वतः झगडा, मग विचारा; विचारताना काय काय करून पाहिलं ते सांगा. काहीच जमलं नाही त्या आठवड्यातही मीटिंगला जा. विद्यार्थी नेमके याच आठवड्यात गायब होतात. लाज वाटते म्हणून एक मीटिंग चुकवतात, मग दुसरी, मग मेलला उत्तर देणं अवघड होतं. परीक्षा असेल तर आधी सांगा की तीन आठवडे येणार नाही. त्याला कुणी हरकत घेत नाही.

आणि पेपर नाकारला जाईल, बहुधा पहिल्यांदा तरी. २०१४ साली न्युरिप्स या मोठ्या कॉन्फरन्सने (तेव्हाचं नाव निप्स) आलेल्यांपैकी सुमारे एक दशांश पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे, एकमेकींना न कळवता, देऊन बघितले. एका समितीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. तेव्हा रिव्ह्यू आल्यावर एक दिवस चिडायला ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यातलं खरं काय ते वेगळं काढा, आणि पुढच्या डेडलाइनची तारीख बघा.